नाथाच्या खांद्यावरचं फूल

“आत्या हाय म्हनं तिची. पन बसलीय बघ कशी, परक्यावानी.”

नावेत माझ्या पाठीमागची बाई शेजारणीला म्हणाली. हळूच, पण मला ऐकू येईल इतकंच हळू. मी मान वळवली नाही. समोर दादाने आपल्या सात वर्षांच्या लेकीला, शकूला, दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि ती त्याचं मनगट चावत किंचाळत होती. मी मांडीवरची पूजेची पिशवी सांभाळत बसले होते, जणू तेवढंच माझं काम.

शकूची आई, माझी वहिनी, दोन वर्षांपूर्वी शिरूरला, आमच्या घरीच, तापाने गेली. तेव्हापासून कुणी दार लावलं की शकू अंग टाकून ओरडायची, हाताला येईल त्याला चावायची. शाळेत गुरुजी तिला बाहेर पायरीवर बसवत. कुणी म्हणे बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणे डोक्यातच फरक आहे. शेवटी दादाने तिला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांचं पत्र इंग्रजीत आलं. मी दौंडला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे घरात ते वाचणारी मी एकटीच.

पत्रात पुण्यातल्या दोन वर्गांविषयी लिहिलं होतं. एक मंदबुद्धीच्या मुलांचा, तिथे राहायची सोय होती. दुसरा अगदी लहान, सात-आठ मुलांचा, ज्यांची बुद्धी चांगली आहे पण मन दुखावलंय अशांचा. शकूची जागा या दुसऱ्या वर्गात आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं. मात्र तिथे राहायची सोय नव्हती, आणि पहिलं वर्षभर घरातल्या एका बाईने रोज वर्गात तिच्याजवळ बसायला हवं होतं. आमच्या घरात बाई म्हणजे मीच. त्याच आठवड्यात दौंडच्या माझ्या शाळेतून मला जूनपासून शिक्षिका म्हणून नेमणुकीचं पत्र आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी माझं म्हणून आलं होतं. मी दादाला पहिल्या वर्गाचं तेवढं वाचून दाखवलं आणि कागदाची घडी घातली.

“एकटीला कसं टाकू गं तिथं?” दादा रोज म्हणायचा. न ठेवावं तर घरी तिचं काय करायचं, हेही त्याला कळत नव्हतं. वहिनीच्या माहेरी, दौंडहून भीमेपलीकडे, भैरवनाथाचं देऊळ आहे. तिथे कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. आधी उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. “तिच्या आईच्या देवालाच विचारू,” दादा म्हणाला. मला बरंच वाटलं. देवावर सोपवलं की माझ्यावर काही उरणार नव्हतं.

नावाडी म्हातारे होते, सगळे त्यांना मुलाणीमामा म्हणत. त्यांनी शकूला गप्प केलं नाही. नावेच्या तळाशी साचलेलं पाणी दाखवून तिच्यापुढे एक पत्र्याचा डबा धरला. “रडून आनखी पानी वाढवू नगं बाय. आधी हे उपस. अन् कामचुकारपना चालायचा न्हाई हां माझ्या नावंत.” शकूने डबा घेतला. एकदा रिकामा केला, पुन्हा भरला. किंचाळणं कधी थांबलं ते कळलंच नाही. काठाला लागल्यावरही ती उठेना. मुलाणीमामा म्हणाले, “जावा तुम्ही वर. मी बसतो हितंच तिच्याजवळ. लेकराला दुसरं काय लागतंय?”

ते माझ्याकडे बघून बोलले नव्हते. तरी देवळाच्या पायऱ्या मी मागे न बघता चढले.

गुरवाने नाथाच्या खांद्यांवर पांढऱ्या शेवंतीची दोन फुलं लावली. दादाने हात जोडून विचारलं, “पोरीला त्या वर्गात ठेवू का?” आम्ही वाट बघत उभे राहिलो. समईची वात एकदा सारून झाली, तरी एकही फूल हललं नाही. गुरव म्हणाला, “कौल अडलाय. सांगायचं कायतरी राहिलंय कुनाचं.”

दादा मटकन खाली बसला. “माझंच राहिलंय देवा,” तो म्हणाला. “ही गेली त्या दिवशी पोरगी तिला सोडंना. मीच ओढून काढली, खोलीत घातली अन् बाहेरनं कडी लावली. सांजंपर्यंत ती दार वाजवत होती. मी उघडलं न्हाई.” माझा एवढा मोठा भाऊ गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकून रडत होता. मी वर पाहिलं. फुलं तशीच होती.

फुलं जास्त ओली असतील, असंही असेल. मी वाद घालत नाही. पुढे ती कधी पडली, तेही मला माहीत नाही. त्या जूनमध्ये मी दौंडला गेले नाही, आणि तशी नेमणूक मला पुन्हा आली नाही. शकूजवळ मी पुण्यात दोन वर्षं बसले. त्या वर्गाचं दार नेहमी उघडं असे. ती इतर मुलींसारखी कधीच झाली नाही, पण चावणं थांबलं, आणि एकदा तिने आपण होऊन माझा पदर धरला. नाथाला मी शरण गेले, असं मला म्हणवत नाही. मी त्याच्यावर ओझं टाकून निघाले होते. त्याने ते घेतलं नाही, माझ्या हातात परत दिलं आणि मला पळू दिलं नाही. हे त्याचे माझ्यावरचे उपकार आहेत. आजही हात जोडते तेव्हा मी काही मागत नाही, काही लपवलेलं नाही ना, एवढंच स्वतःला विचारते.

त्या दिवशी मात्र मी अजून गाभाऱ्यापुढे उभीच होते. खाली नदीवरून डब्याने पाणी टाकल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून, पण येत होता. मी दादाच्या शेजारी खाली बसले.

“दादा, पत्रात आणखी एका वर्गाचं लिहिलंय. मी ते वाचलंच नाही तुला. तिथे तिच्याजवळ कुणीतरी बसावं लागतं. मी बसते.”