रूथबाई बोलल्या नाहीत

उमरेडच्या स्टँडवर बाबांनी माझी पेटी बसच्या टपावर चढवली, खाली उतरले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "एक डाव धर्म बदलवला आपन, लाखो लोकाइच्या संगं. आता तू एकटीनं बदलवू नोको." नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. माय म्हणाली, "रडू नोको वं, लोक पाहून राहिले." मी रडत नव्हते. रडत ती होती.

मी एकोणीस वर्षांची होते, सासरहून परत आलेली. दोन मुलं पोटातच गेली, तेव्हा सासूने माझी पेटी भरली, दिराला सोबत दिलं आणि मला बापाच्या दारात पोचतं केलं. चार यत्ता शिकले होते. एवढंच माझं भांडवल.

तुम्ही पोरं, गावात राहिलेली आणि पुण्या-बंगलोरला गेलेली, मला विचारता की आत्या, त्या काळात तू एकटी नागपूरला कशी गेलीस. मी एकटी गेले नाही. बसमध्ये माझ्या शेजारी रूथबाई बसल्या होत्या. तुमच्यापैकी कोणी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून हे लिहिते.

रूथबाई नागपुरात मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. काळ्या, उंच, पांढरं लुगडं, पायात पुरुषांच्या चपला. दुष्काळात कोणीतरी टाकून दिलेलं पोर. मिशनच्या अनाथाश्रमात वाढल्या. नर्सच्या परीक्षेत इंग्रजीमुळे तीनदा नापास झाल्या, चौथ्यांदा पास झाल्या. लग्न केलं नाही. चाळिशीत सायकल शिकल्या, दोनदा नालीत पडल्या. खापरखेड्याकडे एकदा नदीला पूर होता आणि पलीकडे बाई अडली होती, तर रूथबाई बाळंतपणाचा डबा डोक्यावर बांधून म्हशीचं शेपूट धरून पार झाल्या. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, "म्हशीला वाटत नव्हती."

आमच्या वहिनीच्या बाळंतपणाला त्या गावी आल्या होत्या. मी वहिनीला मागून धरून बसले होते. काम झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि बाबांना म्हणाल्या, "ही मुलगी मला द्या. हिचे हात कापत नाहीत." बाबांनी दोन महिने विचार केला. मग स्टँडवरचं ते वाक्य बोलून मला दिलं.

नागपुरात मला दवाखान्याच्या मागे एक खोली मिळाली. नळाचं पाणी, विजेचा दिवा, सकाळी सहाची घंटा. ड्यूटी, वॉर्ड, मेट्रन, लाँड्री हे शब्द महिन्याभरात तोंडात बसले. गावात मी परत आलेली बाई होते. इथं मी आया होते. मला हे बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. गावाची आठवण यायची ती जेवताना. दवाखान्याच्या वरणात तिखट नसायचं.

आठवड्यातून तीन दिवस रूथबाई सायकलवर खेड्यांत जायच्या. मी कॅरिअरवर, मांडीवर डबा. डब्यात कात्री, नाळ बांधायचा दोरा, कापूस, औषधाची बाटली. तो डबा तयार ठेवणं माझं काम. निघण्याआधी कात्री आणि दोरा स्टोव्हवर वीस मिनिटं उकळायचा. रूथबाई पायडलवर पाय ठेवताना एकच शब्द विचारायच्या, "उकळलं?" मी म्हणायची, "हो." मग त्या निघायच्या.

प्रत्येक बाळंतपणाआधी त्या दाराशी डोळे मिटून उभ्या राहायच्या. प्रार्थना म्हणायच्या, मनातल्या मनात. घरातल्या बायका मला कोपरखळी मारायच्या, "हे काय पुटपुटून राहिली वं? बाटवते का आमाले?" मी सांगायची, "हात थरथरू नये म्हनून करते." त्यांना ते पटायचं. मला मात्र रूथबाईंनी कधी चर्चमध्ये ये म्हटलं नाही. मी दर वैशाख पौर्णिमेला सुट्टी मागायची आणि सुट्टीचा कागद त्या स्वतः सहीसाठी मेट्रनकडे घेऊन जायच्या. बाबांना हे पत्रात कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "लक्ष ठेवजो."

आता त्या गोष्टीकडे येते.

नागपूरच्या दक्षिणेला बेसा तेव्हा लहान गाव होतं. मधे सगळी शेतं. तिथं गिरजाबाई नावाची बाई होती, आमच्यातलीच, बौद्ध. तिचा मुलगा मिलमध्ये. सून शेवंता, असेल अठराची. तिचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी गिरजाबाईने सुईण बोलावली नाही, आम्हाला बोलावलं. मला पाहून शेजारणींना म्हणाली, "आपलीच पोट्टी हाये. नाई तं मिशनवाल्याइले मी घरात घेतलं असतं का?"

त्या दिवशी दुपारी निरोप आला. स्टोव्हमधलं रॉकेल संपलं होतं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, पण तिथल्या स्वयंपाकिणीशी माझं आदल्या दिवशी भांडण झालं होतं. ताकावरून. तिच्याकडे जाऊन, चुलीवर भांडं ठेवू दे म्हणायला माझी जीभ वळेना. आदल्या दिवशी खापरखेड्याहून आल्यावर कात्री मी साबणाने धुतली होती. दिसायला स्वच्छ होती. चहासाठी गरम केलेलं पाणी उरलं होतं ते तिच्यावर ओतलं आणि डबा बंद केला.

रूथबाईंनी विचारलं, "उकळलं?"

मी म्हणाले, "हो."

शेवंताला मुलगा झाला, दिवस मावळायच्या आत. गिरजाबाईने आम्हाला गूळ दिला. आठव्या दिवशी बाळाचं तोंड मिटलं. दूध ओढेना. अंग कमानीसारखं ताठ झालं. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं दुसऱ्या दिवशी गेलं. धनुर्वात.

रूथबाई त्या घरी भेटून आल्या. मी गेले नाही, पोट दुखतं म्हणाले. परत येऊन त्यांनी चपला काढल्या आणि सांगितलं, "शेवंताला परवा माहेरी पाठवताहेत. कायमची. तिची सासू म्हणते, हिच्या पोटाला मूल लाभत नाही, मुलासाठी दुसरी करू. भाऊ न्यायला येतो आहे."

मी धुण्याच्या हौदाशी उभी होते. माझ्या डोळ्यांपुढे माझाच दीर आला, मला बापाच्या दारात सोडून पाठमोरा जाणारा. मी तिथंच रूथबाईंना सगळं सांगितलं. रॉकेल, स्वयंपाकीण, चहाचं पाणी.

 मला वाटलं होतं, देवाची क्षमा माग म्हणतील. मग रडून मोकळं होता येईल.

"हे मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "गिरजाबाईंना सांग."

"देवाले सांगितलं तं नाई चालनार?"

"देवाला मी सांगते. मीही तुझ्या एका शब्दावर विसंबले होते. तू गिरजाबाईंना सांग."

"मले मारतील त्या. नोकरी जाईन. तुमचं बी नाव जाईन, बाई."

"जाईल."

"तुम्हीच सांगा नं. तुम्हाले बोलता येते."

"मी सोबत येईन. बोलणार नाही."

त्या रात्री मी पेटी भरली. सकाळची उमरेडची बस पकडून घरी जायचं. बाबा काही विचारणार नव्हते, माय विचारून कंटाळली असती. पण पेटी भरताना मला दिसत होतं की परवा बेस्यातही एक पेटी भरली जाईल आणि ती भरणारी पोर आयुष्यभर समजत राहील की दोष तिच्या पोटात आहे. मी तीन वर्षं तेच समजत होते. अजूनही अधूनमधून समजते. मी पेटी रिकामी केली. याला कोणी धाडस म्हणू नये. मला त्या पोरीचा विचार नकोसा झाला होता, एवढंच.

बेस्याला गेलो तेव्हा शेवंताचा भाऊ ओट्यावर बसला होता. पेटी दारात. शेवंता आत भिंतीला टेकून. पाचसहा बायका जमलेल्या. गिरजाबाई म्हणाली, "आता काहून आल्या? हिच्या सोबतीले का?"

मी उभ्या उभ्या सांगितलं. जसं रूथबाईंना सांगितलं तसंच, ताकासकट. शेवटी म्हणाले, "शेवंताच्या पोटात काई खराबी नाई, माय. खराबी माह्या डब्यात होती."

गिरजाबाई उठली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. कानात घंटा वाजली. "आपली समजून बोलावलं तुले! आपली समजून!" मग रूथबाईंकडे वळली. "अन् तू? तू काहून मुकी उभी हायेस? येशूची मानसं तुम्ही, बोल नं काई!"

रूथबाई बोलल्या नाहीत. दाराशी उभ्या होत्या, डोळे उघडे ठेवून. बायकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. त्यांना बोलता येत होतं. माझ्या बाजूने दोन शब्द पुरले असते. तेव्हा मला त्यांचा फार राग आला. पुढे समजलं. त्या बोलल्या असत्या तर ते नर्सचं म्हणणं झालं असतं, माझं राहिलं नसतं आणि गिरजाबाईला भांडायला कोणीतरी तिसरंच मिळालं असतं.

गिरजाबाई दमून खाली बसली.  मग तिने कोणाकडे न पाहता सांगितलं, "राख म्याच लावली होती पोराच्या बेंबीले. तिसऱ्या दिवशी. चुलीची. बाईनं नोको म्हनलं होतं."

मग ते बाळ माझ्या कात्रीने गेलं की तिच्या राखेने, हे आजपर्यंत कोणाला माहीत नाही. त्याने माझं काही कमी होत नाही. मी उकळलं म्हटलं होतं आणि उकळलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने गिरजाबाई शेवंताच्या भावाला म्हणाली, "पेटी अंदर ठेव, बाप्पा. जेवून जा." आम्हाला जेवायला सांगितलं नाही.

मेट्रनने मला लाँड्रीत टाकलं. रूथबाईंचे दौरे तीन महिने बंद केले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा बेस्यात त्यांना कोणी दार उघडेना. त्या दर मंगळवारी जायच्या, विहिरीपाशी सायकल उभी करून तासभर बसायच्या आणि परत यायच्या. पोरं ओरडायची, "राखवाली बाई आली!" राख तर त्यांनी लावली नव्हती, पण पोरांना काय. मी म्हणाले, कशाला जाता? म्हणाल्या, "मंगळवार आहे म्हणून." असा एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. उन्हाळ्यात एका बाईने विहिरीवर त्यांना पाणी दिलं. पुढच्या आठवड्यात एकीने पोराचा खोकला दाखवला.

दुसऱ्या वर्षी गिरजाबाईचा निरोप आला. शेवंताचे दिवस भरले होते. निरोप आणणारा म्हणाला, "बुढी म्हनते, त्या पोट्टीलेच आना संगं. अन् म्हनते, या खेपेले आमच्या चुलीवर उकळवजो, आमच्या डोयापुढं." मी लाँड्रीतले हात पुसले आणि कॅरिअरवर बसले. बेस्यात चुलीपुढे बसून मी वीस मिनिटं उकळलं; गिरजाबाई शेजारी बसून पाहत होती. मुलगी झाली. गिरजाबाईने चुलीवर पाणी ओतलं आणि सगळी राख घमेल्यात भरून बाहेर टाकली. नात आज आजी झाली आहे.

मी पंधरा वर्षं रूथबाईंच्या मागे फिरले. नंतर सायकल त्यांना झेपेना, तेव्हा मी चालवायची आणि त्या कॅरिअरवर बसायच्या. शेवटच्या आजारात त्यांना विचारलं की तुम्ही मला कधी ख्रिस्ती हो म्हटलं नाही, का? म्हणाल्या, "तू तुझ्या धर्मात खोटं बोललीस, तुझ्या धर्मात खरं बोललीस. मी मधे कशाला येऊ?" त्या गेल्या त्या वर्षी मिलचे भोंगे अधूनमधून वाजायचे, नेमाने नाही. मातीला बेस्याहून दोन बैलगाड्या आणि एक टेम्पो भरून माणसं आली होती. पाद्रीसाहेब गोंधळले, एवढ्या जयभीमवाल्यांना उभं कुठं करायचं. बाबा तोवर गेले होते. मी धर्म बदलला नाही, हे त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नसावं.

नोकरी संपल्यावर मी बेस्यात खोली घेतली. आता तिथं शेत शोधावं लागतं. लिफ्टवाल्या इमारती, दवाखान्यांच्या पाट्या, जागोजागी सोनोग्राफी. विहिरीवर जाळी आहे. नवीन लोकांना वाटतं मी इथलीच.

तुम्ही गावात माझ्यासाठी मागच्या अंगणात खोली बांधली, आत्याने शेवटचे दिवस घरी काढावे म्हणून. चांगली बांधली. मी येऊन पाहिली. गावात सगळे मला मान देतात. नागपूरला जाऊन नाव काढलेली आत्या. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी मी कोणाबद्दल ऐकून राहिले तेच कळेनासं होतं. इथं तीन गल्ल्या सोडून शेवंता राहते. तिचे गुडघे गेले आहेत, माझे डोळे. मी तिच्याकडे जाऊन बसते, ती चहा टाकते, तुरीच्या भावावर बोलते, सुनेची चुगली करते. मी काय केलं ते तिला सगळं माहीत आहे आणि तिने दार लावलेलं नाही. यापलीकडे घर म्हणजे काय ते मला समजलेलं नाही.

तेव्हा त्या खोलीत यंदाची मिरची भरा.