रिकाम्या सॉकेटचा आवाज

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बुटीबोरीच्या कंपनी-बसमध्ये जाता-येता वाचते. खरं सांगते, निम्मे वाचून हसू येतं. माझी आई अंगारे-धुपारे मानणारी आणि त्यावरून तिच्याशी भांडणारी घरात मी एकटी. कंपनीत दिवसभर बोर्डांना सोल्डरिंग करते. तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली — बोर्ड चालत नसेल तर कुठंतरी जोड कच्चा असतो, भूत नसतं. माझं मत अजूनही तेच आहे... म्हणून तर हे लिहायला इतके दिवस लागले. चुका सांभाळून घ्या, शाळा नववीतच सुटलेली आहे.

मी आजऱ्याकडची. ट्रेनिंगच्या बॅचबरोबर नागपूरला आले तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. रामेश्वरीत गजभियेमावशींच्या घरामागची खोली भाड्यानं मिळाली. भाड्यानं म्हणायचं आपलं. पहिल्याच उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला, तेव्हा मावशींनी मला खोलीतून उठवून स्वतःच्या कूलरसमोर आणून झोपवलं आणि बरी होईपर्यंत हलू दिलं नाही.

"मायले फोन नको करू. तिकडं बसल्या बसल्या घाबरून जाईन ते. मी आहो न इथं."

हे उपकार कुठं ठेवायचे मला कळत नाही. अजून कळत नाही.

मावशी तार ऑफिसातून रिटायर झालेल्या. तारा बंद झाल्या, पण मोर्सचा नाद सुटला नाही. हॅम रेडिओचं लायसन्स काढलं, गच्चीवर वायर ताणली आणि रोज सकाळी बुद्धवंदना झाली की मशीनपुढं बसून देशोदेशीच्या लोकांशी टिंब-रेघांत बोलायच्या. ते मी कधी ऐकलं नाही, कारण तेव्हा मी बसमध्ये असायचे. संध्याकाळी मात्र माझी शिकवणी असायची. लायसन्स मला कुठलं, आम्ही नुसत्या बझरवर वाजवायचो.

"मावशी, मला नववी झेपली नाही, हे काय झेपणार?"

"काहून वं? अक्षरं चावतात का तुले? हे कानानं शिकायचं आहे. बस अन् ऐक."

मराठीच पाठवायचो, पण इंग्रजी अक्षरांत. महिन्या-दोन महिन्यांत मला यायला लागलं. मावशी म्हणायच्या, लिहिण्यावरून जसं माणूस ओळखतात तसा वाजवण्यावरून हात ओळखतात. त्यांचा हात मला पाठ झाला होता. ‘ए’ म्हणजे एक टिंब, एक रेघ. मावशी ती रेघ जरा ओढायच्या, हाक मारताना नावाचं टोक ओढतात तशी. हजार जणांत ओळखला असता.

मनगट दुखायला लागलं म्हणून त्यांनी इलेक्ट्रॉनिक कीअरचा किट मागवला. साध्या कीवर, म्हणजे दाबायच्या दांडीवर, प्रत्येक टिंब, प्रत्येक रेघ हातानं दाबावी लागते. कीअरच्या पॅडलला दोन पट्ट्या असतात. एकीला अंगठा टेकला की टिंबं पडतात, दुसरीला बोट टेकलं की रेघा. नुसता स्पर्श पुरतो. लांबी आतली चिप ठरवते, त्यामुळे सगळी टिंबं एकसारखी आणि सगळ्या रेघा एकसारख्या. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

किटचा खोका आला, आणि तो फोडायच्या आधीच मावशींना लकवा मारला.

उजवं अंग गेलं. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर नुसत्या छताकडे बघत पडून राहायच्या. "हो असेल तर डोळे मिटा" म्हटलं तर कधी मिटायच्या, कधी नाही. डॉक्टर म्हणाले, आत किती समजतंय ते सांगता येत नाही. त्यांचा मुलगा प्रशांतदादा हैदराबादहून रजा काढून आला होता. भला माणूस. आईची नखं स्वतः कापायचा. पण रजा संपत आली होती, आणि तिकडच्या एका केअर सेंटरमध्ये त्यानं जागा बघून ठेवली होती.

"संगीता, तिले कळत असतं तर मी असं केलं असतं का?" एकदा तो ओट्यापाशी उभा राहून म्हणाला. "आता घर काय अन् सेंटर काय... तिले सारखंच."

मला ते पटेना. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट चादरीवर हलताना मी पाहिलं होतं. दादा म्हणायचा, ते आपोआप होतं. असेलही. पण आत मावशी जाग्या असतील, आणि आपलं काय ठरतंय ते ऐकत पडल्या असतील तर? त्यात मनात दुसरं एक यायचं — तुला राहायला जागा पाहिजे म्हणून तुला असं वाटतंय, संगे. त्यानं तर आणखीच अस्वस्थ व्हायचे.

म्हणून किट मी जोडायला घेतला. कंपनीत रोज शेकडो जोड मारते, पण तिथं चुकलं तर दुसरा बोर्ड असतो. इथं एकच. रेझिस्टर बसवले, बझर बसवला, वेग कमी-जास्त करायचं बटण बसवलं. चिप थेट डकवायची नसते, तिच्यासाठी आठ पायांचं सॉकेट असतं, ते आधी बसवायचं. बॅटरीची क्लिप मोडकी निघाली, तर सुट्टीच्या दिवशी भर उन्हात सीताबर्डीला जाऊन दुसरी आणली. किटबरोबरच्या कागदावर जशी वायर दाखवली होती तशीच जोडली. दोनदा पडताळली. चालू केलं तर पहिल्या झटक्यात टिंबं पडली. मला रडूच फुटलं.

मावशींना सांभाळायला दिवसा लताबाई यायच्या. त्या म्हणाल्या, "काय वं, हे काय पिटपिट घेऊन आली? बिचारीले सुखानं पडू दे न."

दादानं मात्र खुर्ची ओढली. मावशींचा डावा हात मी पॅडलवर ठेवला, अंगठा एका पट्टीपाशी, बोट दुसरीपाशी.

"आई," दादा म्हणाला, "मी कोण? सांग बरं, मी कोण आहो?"

मावशींचा अंगठा हलला. बझर वाजला. एक अक्षर पडलं आणि त्या थबकल्या, भुवया आवळल्या. मग घाईघाईनं आणखी तीन. त्यानंतर त्यांनी हातानं पॅडल लोटूनच दिलं. घशातून एक आवाज आला... तो आवाज मला विसरायचाय.

"काय म्हणाली?" दादानं विचारलं.

मी काय सांगणार? जे, एन, वाय, जी. त्याला काही अर्थ नव्हता.

"राहू दे," दादा म्हणाला. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू लय मेहनत केली. पण तिले त्रास होऊन राहिला. उद्या संध्याकाळी निघतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. दुपारी दादा ॲम्ब्युलन्सचं नक्की करायला सदरला गेला होता. मावशी त्यांच्या खोलीत, लताबाई त्यांच्यापाशी. मी बाहेरच्या खोलीत मावशींचं सामान भरत होते. त्याआधी एक काम केलं होतं. चिपच खराब असेल म्हणून ती सॉकेटमधून अलगद उपसून काळ्या स्पंजात खोचून ठेवली होती. किट विकणाऱ्याला विचारू म्हटलं. बॅटरी काढायची तेवढी राहून गेली.

लाईट गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम गप्प झालं. मी चादरीची घडी घालत होते, दोन टोकं दोन्ही हातांत.

आणि टेबलावर बझर वाजला.

खर्र नाही, किर्र नाही. अक्षरं. सावकाश, नवख्या माणसाला पाठवावीत तशी सुटी-सुटी. डी. ए. व्ही. ए. जरा थांबून एच. ए. टी.

डावा हात.

आणि प्रत्येक ‘ए’ची रेघ ओढलेली. कीअरमधून रेघ ओढता येतच नाही. चिप एकच लांबी देते. पण चिप तरी कुठं होती? मी सॉकेटकडे बघत होते. आठ भोकं, सगळी रिकामी. पॅडलला कुणाचाही हात नाही. आणि पुन्हा एकदा वाजलं, तेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मी हलले नाही.

आतून लताबाई ओरडल्या, "अवं संगीता, काहून वाजवून राहिली ते? आत्ताच डोळा लागला यांचा!"

म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं. मी धावत आत गेले. मावशी खरंच झोपल्या होत्या, तोंड उघडं, बारीक घोरत होत्या. डावा हात चादरीखाली.

"मी नाही वाजवलं," मी म्हणाले.

"मंग काय मी वाजवलं? भूत पाहिल्यासारखी काहून करून राहिली? पाणी पे."

पाणी प्यायले, पण डोक्यात डावा हात, डावा हात... मग एकदम लख्ख कळलं. कागदावरची वायर उजव्या हातासाठी होती! उजव्या हाताचा अंगठा ज्या पट्टीवर येतो तिथं टिंबं. मावशींचा चालतो तो डावा हात. त्यांचा अंगठा पडत होता दुसऱ्या पट्टीवर. म्हणजे त्यांनी टिंब मारलं की निघत होती रेघ, आणि रेघ मारली की टिंब. आपलं आपल्याला उलटं ऐकू येत होतं म्हणून तर त्यांनी पॅडल लोटलं होतं.

कालची चार अक्षरं डोक्यात रुतून बसली होती. टिंबाच्या जागी रेघ आणि रेघेच्या जागी टिंब घालून बघितलं. जे उलटा केला की बी. एन उलटा की ए. वाय उलटा की एल. जी उलटा की यू.

बालू. मला काहीच अर्थ लागेना.

तरी लाईट आल्याबरोबर वायरी सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या, चिप परत सॉकेटात बसवली. घाईघाईत सोल्डरचा डाग टेबलावर पडला, तो अजून तिथं आहे. तेवढ्यात दादाची गाडी आली. हेल्मेट हातात घेऊन तो दारात आला, तर मी तिथंच विचारलं, "दादा, बालू म्हणजे काय?"

तो होता तिथंच उभा राहिला.

"तुले कोणी सांगितलं?"

"मावशींनी. काल. तुम्ही विचारलं ना, मी कोण."

"बाळू..." तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हापासून मले कोणी बाळू म्हटलं नाही. तिनंही नाही." आणि हेल्मेट हातातून सुटलं तरी त्याला कळलं नाही.

मावशींना उठवलं. पॅडल हाताशी ठेवलं. या वेळी दादानं काही विचारलंच नाही, नुसता खाली बसला, पलंगाच्या काठाशी. मावशींचा अंगठा टेकला, टिंबं पडली, बरोबर पडली, आणि त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. मी एकेक अक्षर मोठ्यानं बोलत गेले. खूप वेळ लागला. मध्ये दोनदा दमून थांबल्या.

"बाळू. सेंटर नको. तुझ्या घरी ने."

लताबाई पदर तोंडात धरून रडत होत्या. दादा आईच्या हातावर कपाळ टेकून म्हणत होता, "नेतो न आई. नेतो. मले काय माहीत गं तू आत बसून ऐकून राहिली..."

"इथंच राहते" असं येईल म्हणून मी वाट बघत होते, हे खोटं कशाला बोलू? पण आईला मुलाचं घर हवं होतं, आणि ते तिचं तिनं सांगितलं. त्याच संध्याकाळी ॲम्ब्युलन्स निघाली, सेंटरकडे नाही, दादाच्या घराकडे. कीअर मावशींच्या मांडीवर. किल्ली माझ्याकडे. मी अजून त्याच खोलीत राहते, मावशींच्या मोगऱ्याला आणि झेंडूला पाणी घालते.

आता दर रविवारी दादा फोन कीअरच्या बझरजवळ धरतो आणि मावशी बोलतात. मी इकडं साध्या कीवर बझर वाजवून उत्तर देते. पहिल्यापेक्षा आता वेग चांगला आलाय. एका रविवारी धीर करून विचारलं, "त्या दुपारी ते तुम्हीच पाठवलं ना?"

"मी झोपले होते."

"पण हात तुमचा होता. ए ची रेघ ओढलेली."

मग मी ऐकलं होतं तसं, त्याच वेगानं, वाजवून दाखवलं. पलीकडून सावकाश आलं —

"माझा ए असा नाही. तुला शिकवताना ओढायचे, तुझ्या कानाला कळावा म्हणून. रेडिओवर कधी तसा पाठवला नाही. असा ए फक्त तू वाजवतेस. तो तुझा हात आहे."

दादा इलेक्ट्रॉनिक्समधलाच. तो म्हणतो, चिप नसली की ट्रान्झिस्टरचं टोक मोकळं राहतं, मोबाईलची लहर लागून बझर बोलू शकतो. बोलत असेल. कंपनीत मी असे बझर करवादताना ऐकलेत. त्यातून ‘डावा हात’ निघाल्याचं कुणी ऐकलं असेल तर मला जरूर सांगा.

मावशींना वाटतं, मला आतून कळलं होतं आणि तेच बाहेर आलं. त्या नेहमी मला असं मोठं करतात. पण मला काही कळलं नव्हतं हो. मला तर तेव्हा सगळं संपलं असं वाटत होतं. आणि लताबाईंना भिंतीपलीकडून ऐकू गेलं त्याचं काय?

सोल्डरिंग करताना अजून कधीतरी हात मध्येच थांबतो. मग स्वतःलाच एकेक गोष्ट सांगत बसते. सॉकेट रिकामं होतं. चिप स्पंजात होती. मावशी झोपल्या होत्या. आणि माझे दोन्ही हात... दोन्ही हातांत त्यांच्या चादरीची टोकं होती.