जाहिराती कापणारे सुभेदार

संध्याकाळी साडेसातची मालिका पाहायला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे घरमालक; सगळं देवळाली कॅम्प त्यांना सुभेदार म्हणत असे. तोफखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सात वाजले की खुर्ची टीव्हीसमोर, पाठ ताठ आणि उजव्या हातात रिमोट, असे ते जणू कामावर रुजू व्हायचे. मालिकेचं गाणं सुरू झालं की हळूच पुटपुटायचे, "फायर!" आणि रेकॉर्डरचं बटण दाबायचे. बरं, मालिका तरी कसली, तर सासवासुनांची. सुनेच्या खिरीत मीठ कोणी टाकलं हा प्रश्न मालिकेला महिनाभर पुरत असे. सुभेदारांना तिचा मनापासून वीट आलेला होता आणि ते तसं लपवतही नसत.

"मॅडम, ह्या बायांना एक दिवस परेडला उभं करायला पाह्यजे," ते मला म्हणायचे. "उन्हात दोन तास. सगळी कारस्थानं बंद होतील."

मी तेव्हा कॅम्पातल्या एका शाळेत शिकवत होते. नवरा नोकरीसाठी पुण्यात, म्हणून मी सुभेदारांच्या घरावरची एक खोली भाड्याने घेतली होती. खाली ते एकटे, वर मी एकटी. काकूंशी, म्हणजे त्यांच्या पत्नीशी, माझी जेमतेम ओळख होते न होते तोच त्या लेकीच्या बाळंतपणाला बंगलोरला गेल्या. गेल्या होत्या तीन महिन्यांसाठी. मग बाळ लहान आहे म्हणून राहिल्या. मग लेक कामावर रुजू झाली आणि बाळाला सांभाळायला कोणी नाही म्हणून राहिल्या. बाळ चालायला लागलं तोवर दुसऱ्याची चाहूल लागली. दर फोनवर काकू म्हणायच्या, "पुढच्या महिन्यात येते." त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरोखरच तसं वाटत असणार.

सुभेदार एकदा तिकडे गेले आणि आठवड्यातच परतले. "दोन खोल्या, त्यात जावयाची आई. मी बाल्कनीत झोपलो, मॅडम. आणि बाराव्या मजल्यावर माणसानं करायचं काय? खाली बघितलं तर माणसं मुंगीएवढी, कुणाला रामराम घालायचा?" एवढं बोलून ते अंगणातल्या मिरच्यांना पाणी घालायला गेले. पुढे त्यांनी त्या विषयावर कधी तक्रार केली नाही.

काकूंचा त्या मालिकेवर भारी जीव. बंगलोरच्या केबलला तेव्हा मराठी चॅनल येत नसे. एकदा त्यांनी फोनवर विचारलं, "आपल्या मालिकेत काय चाललंय हो?" सुभेदारांना काही सांगता येईना, कारण काकू होत्या तेव्हाही ते त्या वेळात फाटकाशी उभे राहून रस्ता बघायचे. दुसऱ्याच दिवशी ते बसने नाशकात गेले आणि शालिमारच्या एका दुकानातून डीव्हीडी रेकॉर्डर घेऊन आले. त्यातल्या त्यात स्वस्त, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा. त्याचा कप्पा एका बाजूने चापट मारल्याशिवाय उघडत नसे. "नवा रंगरूट हाय," सुभेदार म्हणाले. "होईल तयार."

तो काही तयार झाला नाही, सुभेदारच झाले. दुकानदाराने सांगितलं होतं, वेळ लावून ठेवा आणि खुशाल फिरायला जा. पण ते दिवस लोडशेडिंगचे. वीज गेली की त्या पठ्ठ्याचं घड्याळ शून्यावर यायचं आणि लावलेली वेळ साफ पुसली जायची. ऐन मालिकेत वीज गेली तर दुसऱ्या दिवशी दुपारचं पुनःप्रक्षेपण धरायला बसावं लागे. माणसाला मोकळं करायला आणलेल्या यंत्राने माणसालाच दावणीला बांधलं. सुभेदार संध्याकाळचे कुठे जाईनासे झाले. गोरज मुहूर्तावरचं लग्न म्हटलं की ते आधी परतीच्या बसची वेळ विचारायचे. वणीला पुतण्याचं लग्न होतं, तर हे सकाळी जाऊन आहेर देऊन, नवरदेव घोड्यावर बसायच्या आत परतीच्या बसमध्ये. पुतण्या वर्षभर बोलला नाही. मला हे सगळं अती वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायची.

"ड्यूटी म्हंजे ड्यूटी," ते म्हणायचे.

त्या ड्यूटीतला सगळ्यात अवघड भाग म्हणजे जाहिराती. त्या आल्या की सुभेदार रेकॉर्डिंग थांबवायचे आणि मालिका परतली की पुन्हा सुरू करायचे. नजर क्षणभर हलली तर मालिकेचं वाक्य निसटणार, म्हणून जाहिरातीतसुद्धा डोळा लवत नसे. मी म्हटलं, "असू द्या की जाहिराती, काकू पुढे ढकलतील." तर म्हणाले, "ती त्या लेकरामागं पळता पळता बघणार. तिचा टाइम कशाला खायचा?" एकच जाहिरात ते मुद्दाम ठेवायचे, कुठल्याशा साबणाची. तिच्यातलं गुटगुटीत बाळ काकूंना फार आवडायचं.

मी कधी वाटीत भाजी घेऊन खाली गेले तर ते ओठांवर बोट ठेवायचे. टीव्हीवरचं रेकॉर्ड होताना आपण बोललो तर आपलाही आवाज आत जातो, अशी त्यांची पक्की समजूत होती. मी शिक्षिकेच्या सगळ्या धीराने समजावलं की त्या यंत्राला कान नाहीत. ते मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा ओठांवर बोट. खोकला आला तर तोंडाशी टॉवेल धरायचे. आठच्या ठोक्याला "स्टॉप" म्हणून सगळं बंद करायचे. मग खालून काहीच आवाज येत नसे. त्या शांततेत मी वर वह्या तपासायची. दोन मजल्यांवर दोन माणसं गप्प बसलेली असायची आणि मला कधी कधी अगदी रडू यायचं.

कॅम्पातला ओळखीचा एक जवान सुट्टीवर बंगलोरला चालला होता, त्याच्याबरोबर सुभेदारांनी सीड्यांचं पहिलं पुडकं पाठवलं. डीव्हीडीला ते सीडीच म्हणत. पुढच्या रविवारी फोनवर काकू म्हणाल्या, "बघितल्या हो, लय भारी." सुभेदारांची छाती फुगली. मग पुडकी जात राहिली आणि दर रविवारी सुभेदार फोनवर काकूंची तोंडी परीक्षा घेऊ लागले. "सांग बरं, सासूनं काय केलं?" काकू सांगायच्या, "काय करणार, धाकटीच्या वाइटावर हाय." बरोबर! "आणि थोरली?" "ती रडतीये." तेही बरोबर! असे कितीतरी रविवार गेले. मग एका रविवारी काकू म्हणाल्या की सासू नटूनथटून हळदीकुंकवाला गेली. सासू तर मागच्याच आठवड्यात हार्ट अटॅकने गेली होती.

त्या संध्याकाळी सुभेदार मला हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "एकबी सीडी बघितली नव्हती तिनं. लेकीच्या मशीनवर लागतच नव्हत्या. मला वाईट वाटंल म्हणून अंदाजानं दामटत होती, आणि त्या मालिकेत अंदाज चुकतोय कशाला!" हसता हसता ते थांबले आणि बराच वेळ टॉवेलने चष्माच पुसत बसले. महिनोन्‌महिने आपण ज्या माणसासाठी बसलो त्याच्यापर्यंत काहीच पोचलेलं नाही, हे कळल्यावर कोणाचंही जे होईल तेच त्यांचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात जाऊन आले. तिथे उलगडा झाला. सीडी भरली की ती त्याच यंत्रात एकदा कायमची बंद करायची असते. बंद केली की ती कुठल्याही यंत्रावर चालते. नाहीतर ज्यात भरली त्याच यंत्रावर चालते, दुसरीकडे नाही. रिमोटवरच्या दोन बटणांचं काम, पण पहिल्या दिवशी ते सांगायचं दुकानदार विसरला होता.

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "परत मागवा सगळ्या, बंद करा आणि पाठवून द्या."

सुभेदार मिरचीच्या रोपाभोवतीची माती सारखी करत होते. "मागवतो," ते म्हणाले. "पण बंद नाय करायच्या."

"का?"

"बंद केल्या की कुठं बी चालतील. मग ती इकडं कशाला येईल?"

मला पहिल्यांदा रागच आला. साठी उलटलेल्या माणसाने हा कसला रुसवा धरायचा? काकू तिकडे काय मजेत बसल्या होत्या? पण ते रुसले नव्हते. वर मानही न करता ते म्हणाले, "बोलावलं तर तिची ओढाताण होती. लेकीला सोडवत नाय, मला नाय म्हणवत नाय. मी बोलावत नाय, मॅडम. सीड्या बोलावतील." त्या रविवारी फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "तुझ्या सीड्या ह्याच घरात चालतात. तू आलीस की बघ." काकू म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येते."

पुडकी परत आली आणि सुभेदारांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत गेली. रोजचं काम पूर्वीसारखंच चालू राहिलं. आता कोणाला पाठवायची घाई नव्हती, तरी दाढी, इस्त्री, खुर्ची, काही चुकलं नाही. फक्त खोकला वाढला. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचे, सकाळी जाऊ. सकाळी मी शाळेत.

एका संध्याकाळी आठ वाजून गेले तरी खालचा टीव्ही बंद झाला नाही. मालिकेनंतरचा कुठलासा गाण्यांचा कार्यक्रम लागला, तोही संपला, बातम्या सुरू झाल्या. सुभेदार बातम्या सकाळच्या पेपरात वाचत. मी जिना उतरले. ते खुर्चीत ताठ बसलेले होते, रिमोट मांडीवर होता आणि रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. मी हाक मारली, हात लावून पाहिला, आणि शेजाऱ्यांना बोलावायला धावले. डॉक्टर आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या धावपळीत टीव्ही कोणीतरी बंद केला. रेकॉर्डरकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

काकू आल्या. ज्या घरी यायला त्यांना एवढे महिने जमलं नाही, तिथे त्या एका दिवसात पोचल्या. तेराव्यानंतर लेक म्हणाली, "आई, सीड्या बंद करून घेते आणि तू चल माझ्याबरोबर. तिकडं निवांत बघ." काकू म्हणाल्या, "नको. ते म्हणले होते, ह्याच घरात चालतात." लेक रडली, चिडली आणि शेवटी एकटीच गेली.

मग रोज संध्याकाळी काकू चापट मारून तो कप्पा उघडायच्या आणि सीडी लावायच्या. मला हाक यायची, मी जाऊन बसायची. खोलीतला आवाज सीडीत जातो ही सुभेदारांची समजूत काकूंचीही होती, त्यामुळे सुरुवातीला त्या मालिका बघतच नव्हत्या, कान देऊन ऐकत होत्या. "खोकला तरी आला असंल की, मॅडम. एवढा आवाज दाबणारा माणूस नव्हता." मी खरं ते सांगितलं. त्या दिवशी त्यांनी सीडी अर्ध्यातच काढून ठेवली.

आणि मग त्यांना तो शोध लागला. जाहिरात सुरू व्हायची तिथे चित्र किंचित उडायचं आणि पुढच्याच क्षणी मालिका असायची. काकू बोट दाखवायच्या, "हे बघा, इथं बटण दाबलं." साबणाची जाहिरात अख्खी आली तेव्हा पदर तोंडाला लावून हसल्या, "ध्यानात ठेवलं बघा माझं बाळ." एका सीडीत जाहिराती न कापता वाहत गेल्या. काकू म्हणाल्या, "चहा ओतू गेला असंल." दुसऱ्या एकीत तसंच झालं. "डोळा लागला त्यांचा." सासवासुना मागे पडल्या. काकू त्या मालिकेत नवऱ्याची एकेक संध्याकाळ बघत होत्या. ट्रंकेतल्या शेवटच्या सीड्यांमध्ये जाहिराती वरचेवर राहिलेल्या होत्या आणि तिथे काकू काहीच बोलत नव्हत्या.

सगळ्यात शेवटची सीडी ट्रंकेत नव्हतीच. ती रेकॉर्डरमध्ये राहिलेली होती. काकूंनी ती पहिल्याच दिवशी काढून देवापाशी ठेवली होती. माझी मनमाडला बदली झाली. खोली सोडायच्या आदल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुम्ही हायेत तोवर बघून घेऊ."

पहिल्या जाहिराती कापलेल्या होत्या. साबणाचं बाळ ठेवलेलं होतं. त्यानंतर एकही कापलेली नव्हती. तेल, टूथपेस्ट, फ्रीज, सगळं आलं. मालिका संपली, गाणी झाली, मग बातम्या लागल्या. निवेदिकेची निळी साडी मी ओळखली. याच वेळी मी जिना उतरले होते. मला ते बघवेना. मी रिमोट उचलला.

काकूंनी माझा हात धरला.

"राहू द्या, मॅडम. संपेपर्यंत बघू," त्या म्हणाल्या. "ते बसले होते तेव्हा मी नव्हते."

बातम्या संपल्या, हवामान झालं, दुसरी कुठलीशी मालिका सुरू झाली आणि मधेच चित्र थांबून पडदा निळा झाला. सीडी भरली होती. काकूंनी पदराने डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "स्टॉप."