न उघडलेला पेपर

देवळीच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी वरून पत्र आलं की ऑनलाइन संशोधन-पत्रिकांची सामायिक वर्गणी यंदा भरलेली नाही, पुढील आदेशापर्यंत लॉगिन बंद. पत्राची प्रत मी फलकावर लावली. दोन दिवसांत फक्त एकीनं ती वाचली.

ती प्राणिशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. देवळीजवळच्याच एका खेड्यातली, घरी शेती. तिची पीएचडी चालू होती: तुरीच्या फुलांवर येणाऱ्या रानमाश्या. तूर फुलोऱ्यावर आली की सकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून कोणती माशी किती वेळा फुलावर येते याच्या नोंदी करायची आणि तशीच कॉलेजात यायची, चपलांना माती लागलेली.

"सर, म्हणजे आता काहीच नाई उघडणार?" तिनं विचारलं.

"जे फुकट आहे ते उघडेल. बाकीचं नाई."

त्या दुपारी आम्ही दोघं संगणकापुढे बसलो. तिचा विषय टाकून शोधल्यावर आलेल्या यादीत एका पेपरचं शीर्षक दिसलं, जवळजवळ तिच्याच विषयाचं. उघडायला गेलो तर चार ओळींचा सारांश आणि खाली कुलूप. तिनं लेखकाला मेल टाकला. उत्तर आलं नाही. मग आम्ही वर्ध्याला एका मोठ्या ग्रंथालयात गेलो. तिथले ग्रंथपाल भले माणूस, त्यांनी चहा पाजला. "राग नका मानू, पण लॉगिन आमच्याच लोकांसाठी आहे. अन् ही पत्रिका त आमच्याकडंही येत नाई," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत ती त्या चार ओळींचा सारांशच पुन्हा पुन्हा वाचत होती. मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, "एका पेपरानं काय होते मॅडम? तुमचं काम तुमच्या वावरातलं आहे. सोडा तो, पुढचं पाहा."

तिनं ऐकलं. मी ग्रंथपाल, मी सांगितलं म्हणून ऐकलं. मला त्या विषयातलं काही कळत नव्हतं, हे तेव्हा मी बोललो नाही.

चौथ्या हंगामानंतर प्रबंध द्यायच्या आधी विद्यापीठात तिचं सादरीकरण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्रंथालयात आली आणि उभ्यानंच सांगू लागली. बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी तिला मध्येच थांबवलं होतं. "हे काम आधीच झालं आहे. तुमच्या वाचनात कसं आलं नाही?" असं म्हणून त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तोच पेपर होता, पूर्ण उघडलेला. सगळ्यांसमोर, उभ्यानं, तिनं तो पहिल्यांदा पाहिला.

"पीक तेच, माश्या त्याच, मोजायची पद्धतही तीच, सर. गाइड सर मान खाली घालून बसले. मले म्हणे, विषय बदला."

"तुम्ही सांगितलं नाही का, की आपल्याला तो मिळतच नव्हता?"

"सांगितलं ना. ते म्हणे, ज्याले पायजे त्याले भेटते."

मी म्हणालो, "चूक माझी झाली. मीच म्हटलं होतं, सोडा म्हणून."

"तुमी काय करान सर," ती म्हणाली. "पयल्या वर्षीच भेटला असता, त मी दुसरं काही धरलं असतं. एवढंच." तिनं ग्रंथालयाची तीन पुस्तकं टेबलावर ठेवली. मी पावती दिली. पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपली, ती तिनं वाढवून मागितली नाही. पुढच्या जूनपासून ती वर्ध्याच्या एका शाळेत शिकवू लागली.

गेल्या हिवाळ्यात नवं पत्र आलं. लॉगिन पुन्हा सुरू झालं होतं. मी पहिल्यांदा तोच पेपर उघडला. अकरा पानं होती. मला झेपेल तसा, शब्दकोश घेऊन, दोन दिवस वाचला. ते सगळं काम ओलिताच्या तुरीवरचं होतं. शेवटच्या परिच्छेदात लेखकांनीच लिहिलं होतं की कोरडवाहू भागात अशा नोंदी कुणी केलेल्या नाहीत, त्या व्हायला हव्यात.

तिची सगळी वावरं कोरडवाहू होती. विषय बदलायची काही गरजच नव्हती. त्या दिवशी त्या खोलीत कुणी शेवटपर्यंत वाचलं असतं, तर तिथंच कळलं असतं.

मी तिला फोन केला. मधल्या सुट्टीत असावी, मागं मुलांचा गलका होता. मी सगळं सांगितलं.

"तुमच्या नोंदींच्या वह्या आहेत ना अजून?" मी विचारलं.

"घर बदललं तवा टाकल्या सर." मग म्हणाली, "आता कायले सांगून राह्यले मले?"

तिकडं घंटा झाली आणि तिनं फोन ठेवला.