भाऊबीजेचा एका बाहीचा स्वेटर

माझ्या आईवर अन्याय झाला तो चार वर्षांपूर्वी, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, सांगवीतल्या आमच्याच घरात. आज कपाट उघडलं, लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा वास आला आणि सगळं आठवलं. मामाच्या तान्ह्या मुलीसाठी आई स्वेटर विणत होती. फक्त एक बाही राहिली होती. कंपनीला सुट्टी म्हणून बाबा घरीच होते. आई ओठांत टाके मोजत होती, तेवढ्यात बाबा म्हणाले, "अगं, चहा टाक." ती उठली. परत बसली तर भाऊबीजेला आलेली आत्या म्हणाली, "वहिनी, चकल्यांचा डबा कुठंय? आणि हे कशाला विणत बसता, रेडिमेड मिळतं की!" मग मी ओरडले, "आई, माझा चार्जर?" मोजणी तीनदा चुकली, बाही तीनदा उसवली. दुसऱ्या दिवशी तिनं भाचीपुढे एका बाहीचा स्वेटर ठेवला. मामा म्हणाला, "ताई, दुसरा हात उघडाच ठेवायचा होय?" सगळे हसले, मीही हसले. आई उसवलेली लोकर गुंडाळत राहिली. चाकणच्या कारखान्याच्या गेटवर सक्तीच्या ओव्हरटाइमविरुद्ध पत्रकं वाटते मी; घरातलं काम मात्र मला दिसलं नव्हतं. सुया हातात घेऊन पुटपुटणारी बाई कामावर असते. तिला हाक मारू नका. हवं ते स्वतः उठून घ्या.