उजेडातली संकष्टी

सणसवाडीच्या कंपनीनं मला महिनाभराच्या ट्रेनिंगसाठी स्वीडनच्या पार वरच्या टोकाला धाडलं, तेव्हा न्हावऱ्यात आमच्या आईला एकाच गोष्टीचा घोर लागला. संकष्टीचा. मी पर्मनंट व्हावं म्हणून तिनं गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलल्या होत्या, तिच्याही आणि माझ्याही. मला न विचारता! वीस पार पडल्या होत्या. शेवटची नेमकी जूनमध्ये, परदेशात आली.

"चंद्र बघायचा, मगच घास घ्यायचा," तिनं बजावलं.

"त्यात काय अवघड?" मी म्हणालो. शहाणाच मी.

तिकडं जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, हे पोचल्यावर कळलं. पहिल्या रात्री अकरा वाजता समोरचा म्हातारा निवांत कुंपणाला रंग देत होता. मी खिडकीवर ब्लँकेट टांगून झोपायला लागलो, पण चंद्राचं काय होणार हा विचार माझ्या टाळक्यात आलाच नाही. संकष्टी उजाडली, म्हणजे उजाडलेलीच होती, मी उपास धरला आणि संध्याकाळी साडेसहाला घरी फोन लावला. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे दहा.

"आत्ताच उगावला बघ चंद्र," आई म्हणाली. "तुजा?"

"आई, इथं अजून ऊन आहे. तुझाच चंद्र धरू का दोघांत?"

"असं कुठं असतंय व्हय? जिथं मानूस तिथला चंद्र. बघ आन् फोन कर. तू जेवल्याबिगर मी जेवायची न्हाई."

फोन ठेवला. आईला साखरेचा त्रास, रात्रीची गोळी जेवणाबरोबर घ्यायची, आणि ही माझ्यासाठी उपाशी बसणार.

बरोबर दौंडचा एक फिटर होता. माझ्याच वयाचा, जिवाभावाचा, पण तोंडानं लई फटकळ. "आम्ही बौद्ध, आमच्यात संकष्टी नाही," असं म्हणत तो माझ्यासमोर बटाटे उकडून, वर तिखट-मीठ भुरभुरून खात बसला. मग त्यालाच दया आली. "चल, शोधू तुझा चंद्र," म्हणाला.

आम्ही गावामागच्या टेकडीवर चढलो. खिशात आईनं दिलेले दोन बेसनाचे लाडू, नैवेद्याला. चंद्राचा पत्ता नाही. डास मात्र असे की आपल्या उसाच्या फडातले बरे म्हणायचे. नऊ वाजले, दहा वाजले, ऊन तसंच. एक बाई कुत्रं फिरवत आली. आम्ही दोघं माना वर करून उभे बघून तिनं काय हरवलंय विचारलं.

"मून," फिटर म्हणाला. "ही इज हंग्री."

बाई हसत सुटली. आज तो पहाटेकडं डोंगरामागून जेमतेम डोकावेल, तोही दिसेलच असं नाही, असं तिनं सांगितलं. वर म्हणाली, जूनमध्ये आम्ही चंद्राची वाटच बघत नाही.

"झालं!" फिटर म्हणाला. "आता सरळ थाप मार."

थाप मारायची, तीही आईला? लहानपणी चिंचा चोरल्या तरी नुसत्या माझ्या 'नाही'वरून ती ओळखायची. पण घड्याळात अकरा वाजले होते, म्हणजे न्हावऱ्यात मध्यरात्र उलटून अडीच. मला खरंच भीती वाटायला लागली. आम्ही टेकडीवरून पळतच उतरलो आणि मी फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

"दिसला का?"

"दिसला."

"कुठल्या अंगाला?"

"उगवतीला." मी फिटरकडं बघितलं. त्यानं हातानं भाकरीएवढा गोल करून दाखवला. "चांगला भाकरीएवढा होता, गोल गरगरीत."

"चतुर्थीला गोल गरगरीत?"

फिटरनं कपाळावर हात मारून घेतला. पलीकडं ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

"लबाडा," आई घास घेत म्हणाली, "खोटं बोलायचंच हुतं तर धा वाजताच बोलायचं की. माजी गोळी तरी येळंवर झाली असती."