मिनिटाला तीस शब्द

पहाटे पाचला, चौथी पोळी तव्यावर टाकून पाचवी लाटता लाटता, सुलक्षणाचा टेबलाशीच डोळा लागतो. दोन महिने झोपेचं खोबरं झालंय. नवरा गेल्यावर त्याच्या जागी तहसील कचेरीत ती अनुकंपेवर लागली, पण टायपिंगच्या परीक्षेत दोनदा आपटली. आज अकराला शेवटची संधी आहे. मिनिटाला तीस शब्द जमले नाहीत तर नोकरी गेली. क्लासचे सर म्हणाले होते, ध्येय सतत डोळ्यांसमोर ठेवा. म्हणून तिनं फ्रिजवर, आरशावर, मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘तीस’ लिहून चिकटवलं, आणि सव्वीसवर आलेला वेग बावीसवर घसरला.

स्वप्नात टेबल कचेरीतलं आहे. लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांमागून उत्तम येतो, तिचा नवरा, आणि स्टूल ओढून शेजारी बसतो.

“अहो, आजच्या दिवस तुम्ही बसा की परीक्षेला,” ती काकुळतीला येते. “तुमचीच तर नोकरी आहे.”

“मी? तीसचं नाव काढलं की माझीच बोटं गारठायची.”

“मग पास कसे झालात?”

“पुढच्या पूर्णविरामापर्यंत जायचं, बास. तिथनं पुढच्या.”

ती टाइप करू लागते. की-बोर्ड दवाखान्यातल्या ट्रेवर आहे. उत्तम हिरव्या चादरीवर पडलाय, हाताला सलाइन.

“इथंही तेच केलं,” तो म्हणतो. “ही बाटली संपेपर्यंत तग धरायचा. मग दुसरी.”

“बाटल्या संपल्या, अहो. तुम्ही नाही राहिलात.”

तो सलाइन लावलेला हात पुढे करतो. “आठ बोटं तुझी. स्पेस मी दाबतो, अंगठ्यानं.”

एक वाक्य संपतं, दुसरं सुरू होतं. किती शब्द झाले, ती मोजत नाही.

“थांबू नका,” ती म्हणते. “अजून एक ओळ.”

पोळी करपल्याच्या वासानं तिला जाग येते. गॅस बंद करून ती वळते. टेबलावर, पोळपाटावरच्या पिठात बोटं उमटलीत. डावीकडे चार, उजवीकडे चार, तिचीच. खाली मधोमध एक अंगठा आहे. ती स्वतःचा अंगठा त्यावर धरून पाहते. ठसा तिच्या अंगठ्यापेक्षा चांगला रुंद आहे.

तिला मोठ्यानं रडायचं आहे, पण साडेआठची एसटी गाठायची आहे. पोळपाट तसाच ठेवून उरलेल्या पोळ्या ती ताटाच्या पाठीवर लाटते.